लोकांचा वैताग आणि सलोख्याची आशा

दरवर्षी १ नोव्हेंबरची सकाळ उजाडली की बंगळूरचे रस्ते लाल-पिवळ्या पताकांनी भरून जातात. रिक्षांवर, बसगाड्यांवर, चौकाचौकांतील मांडवांवर कर्नाटकाचा ध्वज फडकू लागतो आणि राज्योत्सवाची गाणी रात्रीपर्यंत थांबत नाहीत. त्याच दिवशी, याच राज्यातील बेळगाव शहरात, मराठी भाषकांचा एक वर्ग दंडाला काळी फीत बांधून ‘काळा दिन’ पाळतो. एकाच तारखेस एके ठिकाणी उत्सव आणि दुसरीकडे सुतक, असा हा प्रकार १९५६ पासून चालत आला आहे. प्रस्तुत लेखक जन्माने खानापूर तालुक्याचा आणि पोटापाण्याने बंगळूरचा. केंद्र सरकारच्या कचेरीतील एका कारकुनाने राजकारणात पडू नये हे त्याला पुरते ठाऊक आहे. परंतु जी रेघ आपल्या घराच्या अंगणातून गेली आहे तिचा इतिहास चाळून पाहावा, एवढी मुभा कोणत्याही सेवानियमाने नाकारलेली नसावी.

सीमावादाचा जो इतिहास आजवर लिहिला गेला तो बहुतांशी त्वेषाचा इतिहास आहे. परिषदा, ठराव, मोर्चे, गोळीबार, आयोग आणि निवडणुका यांच्या तारखा त्यात सापडतात. वैतागाचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाही. त्वेषाने पेटलेला माणूस रस्त्यावर येतो, म्हणून त्याची नोंद होते. वैतागलेला माणूस घरी जातो, म्हणून तो निसटतो. माझे म्हणणे असे की, दोन समाजांमधील जुने भांडण मिटण्याची आशा धरावयाची असेल, तर ती पुढाऱ्यांच्या औदार्यात शोधण्यापेक्षा सामान्य माणसाच्या या वैतागात शोधावी. मात्र सर्वच वैताग एका जातीचा नसतो, आणि तो भेद न ओळखल्यास आशेच्या नावाखाली आपण दुसऱ्याच्या पराभवावर पांघरूण घालू, हेही आरंभीच सांगितले पाहिजे.

प्रारंभ दुसऱ्या बाजूने करतो. कारण आपल्याला आपला वैताग पाठ असतो, शेजाऱ्याचा नसतो. पेशवाईच्या अस्तानंतर धारवाड, बेळगाव, विजापूर हा मुलूख मुंबई इलाख्यात गेला. तेथील खेड्यांत कानडी बोलली जाई, पण शाळा व कचेऱ्या यांतून मराठीचा वरचष्मा होता. कानडी मुलाने अक्षरे गिरवावयाची ती मराठी, आणि कानडी शेतकऱ्याने अर्ज करावयाचा तोही पुष्कळदा मराठी कारकुनापुढे. या स्थितीविरुद्ध डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या शिक्षणखात्यातील अधिकाऱ्यांनी कानडी शाळा वाढविण्याची खटपट केली. आणि १८९० साली रा. ह. देशपांडे यांनी धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन केला. आडनाव ‘देशपांडे’ आणि ध्यास कानडीचा, यातच त्या प्रदेशाची सरमिसळ दिसून येते. पुढे आलूर वेंकटराव यांनी कर्नाटकाच्या एकीकरणाचा जो घोष केला, त्याच्या मुळाशी हाच वैताग होता. आपल्याच गावात आपल्याच भाषेत आपले काम होत नाही, ही ती तक्रार. १९५६ नंतर बेळगावच्या मराठी माणसाने जी तक्रार मांडली, ती शब्दशः हीच आहे. तक्रार करणारा आणि ज्याच्याविरुद्ध करावयाची तो, एवढ्या दोघांनी फक्त जागा बदलल्या.

बेळगाव हे शहर तर या आरशाचे मधले भिंगच म्हणावे. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली तेथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याच सुमारास त्याच ठिकाणी कर्नाटक एकीकरण परिषदही भरली. पुढे बावीस वर्षांनी, १९४६ च्या मे महिन्यात, ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन बेळगावातच झाले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तेथे संमत झाला. दोन्ही भाषांनी आपापल्या घराचा पाया खणण्यास प्रारंभ केला तो एकाच अंगणात. दोन्ही बाजूंचा हेतू निर्मळ होता, दोन्ही बाजूंची माणसे विद्वान होती, आणि अंगण मात्र एकच होते.

१९५३ साली न्यायमूर्ती फाजल अली, हृदयनाथ कुंझरू व सरदार पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. त्याने १९५५ मध्ये दिलेल्या अहवालात सामान्यतः जिल्हा हा घटक धरला. चंदगड तालुका तेवढा वगळून बेळगाव जिल्हा नव्या म्हैसूर राज्यास द्यावा, असे सुचविले. बेळगाव शहरात मराठी भाषकांची संख्या अधिक होती, हे आयोगाच्या नजरेतून सुटले नव्हते. पण जिल्हा तोडू नये, हा विचार त्याला वजनदार वाटला. १९५६ च्या जानेवारीत निर्णय जाहीर होताच मुंबईप्रमाणे बेळगावातही आगडोंब उसळला. १७ जानेवारीस तेथे गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली. हा दिवस सीमाभागात आजही हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला रेघ पक्की झाली.

यानंतरचा इतिहास म्हणजे रेघ पुसण्यासाठी झालेल्या प्रयत्नांचा आणि ती अधिक ठळक होत गेल्याचा इतिहास आहे. १९५७ मध्ये त्या वेळच्या मुंबई सरकारने ८१४ गावांची मागणी केंद्राकडे नोंदविली. आंध्र व मद्रास यांच्या सीमेबाबत पाटसकरांनी जे सूत्र लाविले होते, म्हणजे खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या व लोकेच्छा, तेच येथे लावावे असा आग्रह होता. १९६० साली दोन्ही राज्यांचे दोन-दोन प्रतिनिधी घेऊन चौघांची समिती झाली. तिचे एकमत झाले नाही. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ च्या ऑक्टोबरात माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. त्याच्या १९६७ च्या अहवालाने निपाणी, खानापूर, नंदगड हा भाग महाराष्ट्रास, अक्कलकोट व दक्षिण सोलापुराकडील काही भाग म्हैसूरला, आणि बेळगाव शहर आहे तेथेच, अशी वाटणी सुचविली. आयोगाची मागणी महाराष्ट्राची होती आणि अहवाल फेटाळला तोही महाराष्ट्रानेच. म्हैसूरने तो उचलून धरला, आणि अंमल कशाचाच झाला नाही. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात पुन्हा गोळीबार झाला, पुन्हा माणसे गेली. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २०१२ मध्ये बेळगावात सुवर्ण विधानसौध उभे राहिले आणि २०१४ च्या राज्योत्सवदिनी ‘बेळगाव’ कागदोपत्री ‘बेळगावी’ झाले. म्हणजे एक बाजू न्यायालयात गेली, दुसरी बाजू दगडी बांधकामात. निकाल मात्र घराघरांत रोज लागतच होता.

तो कसा, ते एका साध्या उदाहरणाने सांगतो. माझे आजोबा सीमालढ्यात तुरुंगात जाऊन आले होते. वडील शेती करीत. आमच्या जमिनीचा उतारा कानडीत येई. वडिलांना कानडी बोलता येते, वाचता येत नाही. तेव्हा स्वतःच्या शेताचे क्षेत्र, बोजा आणि वारसांची नावे समजून घेण्यासाठी ते एका कचेरीबाहेर बसणाऱ्या लेखनिकाला पैसे देत. एकदा वारसाची नोंद चुकली. ती चूक वाचता न आल्याने चार वर्षे तशीच राहिली आणि ती दुरुस्त करविण्यात आणखी दोन वर्षे गेली. वडिलांनी त्या काळात एकही घोषणा दिली नाही. ते फक्त म्हणत, “राज्य कुणाचं बी असूं दे, माझा कागद मला वाचता यावा.” हे वाक्य कोणत्याही ठरावात नाही, परंतु सत्तर वर्षांच्या वादाचे सार मला त्यातच सापडते.

आता रेघेच्या पलीकडे जाऊन पाहू. सांगली जिल्ह्यातील जत आणि सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट या तालुक्यांत कानडी बोलणारी पुष्कळ गावे आहेत. तेथे कानडी शाळा आहेत, पण जमिनीचा उतारा मराठीतच मिळतो. तेथील एखादा कानडी शेतकरीही कोणाकडून तरी तो वाचवून घेतच असला पाहिजे. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतमधील चाळीस गावांच्या जुन्या ठरावाचा दाखला देऊन दावा सांगितला, तेव्हा महाराष्ट्रात मोठी खळबळ माजली. पण त्या ठरावामागे भाषाभिमानापेक्षा तहान अधिक होती. पाणी मिळत नाही, म्हणून वैतागलेल्या गावांनी “मग आम्हाला तिकडे तरी जाऊ द्या” असे म्हटले होते. त्यांचे निशाण कोणत्या रंगाचे, हा प्रश्न त्यांनी केव्हाच मागे टाकला होता. दोन्ही राजधान्यांना मात्र त्यांत निशाणच दिसले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात वाद भडकला, गाड्यांवर दगड पडले आणि दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेवरून मागे फिरू लागल्या. त्या आठवड्यात मी कोल्हापूरहून निघालो होतो. एस. टी. कागलला थांबली, पुढे जाणार नाही असे वाहकाने सांगितले. पन्नासएक उतारू सामानसुमान घेऊन रस्त्यावर उतरले. त्यांत लेकीच्या बाळंतपणाला निघालेली निपाणीकडची एक वृद्धा होती, कोल्हापूरला दवाखान्यात येऊन परत निघालेले एक कानडी दांपत्य होते, आणि परीक्षेला जाणारी दोन मुले होती. रिक्षा, मग थोडी पायपीट, मग पलीकडील गाडी, असा तो प्रवास झाला. वाटेत ती वृद्धा एकदा मराठीत आणि एकदा कानडीत, कोणालाही उद्देशून नव्हे, असे म्हणाली की, ज्याचे असेल त्याचे असो, पण एकदाचे मिटवा. कानडी दांपत्याने मान डोलावली, मुलांनीही डोलावली. त्या वेळी कोणी कोणाला भाषा विचारली नाही. दोन्ही भाषकांचे एकमत झालेले मी जे थोडे प्रसंग पाहिले, त्यांतील हा एक. त्याच महिन्याच्या १४ तारखेस केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बसवून, न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कोणी दावा सांगू नये व दोन्हीकडील तीन-तीन मंत्र्यांनी बोलणी करावीत, असे ठरविले. बोलण्यांतून फारसे निष्पन्न झाले नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत एका बसवाहकाला भाषेवरून मारहाण झाली आणि गाड्या पुन्हा थांबल्या.

मग आशा कोठे आहे, असे वाचक विचारतील. तिचा एक पुरावा बंगळुरातच, अलसूर तलावाजवळ, उभा आहे. तमिळ संतकवी तिरुवळ्ळुवर यांचा पुतळा तेथे १९९१ साली उभारला गेला. पण विरोधामुळे त्याचे अनावरण झाले नाही. त्याच वर्षी कावेरी लवादाच्या अंतरिम निवाड्याने तमिळनाडूस वर्षाला २०५ अब्ज घनफूट पाणी देण्यास सांगितले आणि डिसेंबरात या शहरात तमिळ वस्त्यांवर हल्ले झाले. अनेक कुटुंबे जीव घेऊन पळाली. पुतळा अठरा वर्षे आच्छादनाखाली राहिला. एवढ्या काळात मने हळूहळू कशी थकत गेली असतील, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. पण २००२ च्या अवर्षणात दोन्हीकडील शेते करपली, आणि २००३ च्या एप्रिलमध्ये चेन्नईत, तेथील विकास-अभ्यास संस्थेच्या पुढाकाराने, दोन्ही राज्यांतील शेतकरी समोरासमोर बसले. मन्नारगुडीचे रंगनाथन तेथे होते. त्यांच्या शेतकरी संघटनेनेच १९८३ मध्ये या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले होते. आणि कर्नाटकाचे शेतकरी नेते पुट्टण्णय्याही होते. या मेळाव्यातून ‘कावेरी कुटुंब’ जन्मास आले. मग एकमेकांच्या शेतांवर जाणे, कालवे पाहणे, पिकांचे वेळापत्रक समजून घेणे सुरू झाले. मंड्याच्या शेतकऱ्याने तंजावरचा कोरडा कालवा पाहिला, तंजावरच्या शेतकऱ्याने मंड्याचा सुकलेला ऊस पाहिला.

या कुटुंबाने पाण्याची वाटणी करून दाखविली, असे मी म्हणणार नाही. ती त्यांना साधली नाही. २०१६ च्या सप्टेंबरात या शहरात पुन्हा बसगाड्या जळाल्या, आणि अखेर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच आकडा ठरविला. परंतु २००९ च्या ऑगस्टमध्ये तिरुवळ्ळुवरांच्या पुतळ्यावरील आच्छादन निघाले आणि त्याच आठवड्यात चेन्नईत कन्नड संतकवी सर्वज्ञ यांचा पुतळा उभा राहिला. शहरातील माणसे अठरा वर्षांपूर्वीची नव्हती. निदान त्यांना त्याच मुद्द्यावर पुन्हा रक्त आटविण्याचा कंटाळा आलेला होता. आपल्या वादात मात्र २०२१ च्या डिसेंबरात उलट घडले. बंगळुरात शिवाजीमहाराजांच्या पुतळ्यास काळे फासले गेले आणि बेळगावात संगोळ्ळी रायण्णाच्या पुतळ्याची मोडतोड झाली. ज्या शहरात शहाजीराजांची जहागीर नांदली, तेथे हे व्हावे!

जगाकडे पाहिले तरी हाच धडा मिळतो; अर्थात तेथील रक्तपाताशी आपल्या वादाची बरोबरी करणे अनुचित होईल. उत्तर आयर्लंडात १९७६ साली तीन बालकांचा बळी गेल्यावर बेटी विल्यम्स व मेरेड कोरिगन या दोन सामान्य स्त्रियांनी “आता पुरे” म्हणत हजारो कॅथलिक व प्रॉटेस्टंट बायकांना एकत्र चालविले. करार होण्यास मात्र १९९८ साल उजाडावे लागले; तेव्हा तेथील सुमारे एकाहत्तर टक्के मतदारांनी तो मान्य केला. इस्राएल व पॅलेस्टाइन यांच्यात १९८७ मध्ये उसळलेल्या उठावाने दोन्ही समाज दमले आणि १९९३ मध्ये ओस्लो-करारावर सह्या झाल्या. पण १९९५ मध्ये पंतप्रधान राबीन यांचा खून त्यांच्याच समाजातील एकाने केला, आणि २०२३ नंतर तेथे जे घडले ते सर्वांसमोर आहे. तरीही ज्यांची मुले या संघर्षात गेली अशी दोन्हीकडील कुटुंबे १९९५ पासून एकत्र बसत आली आहेत. त्यांच्याइतका वैतागण्याचा अधिकार कोणाला नाही. वैताग दार उघडतो, पण दारातून कोणी आत गेले नाही तर ते वाऱ्याने पुन्हा लागते, एवढेच ओस्लोवरून शिकावयाचे.

हे विचार मी गेल्या दिवाळीत वडिलांना सांगितले. महाराष्ट्र एकीकरण समितीस २०१८ च्या व २०२३ च्या विधानसभा निवडणुकांत एकही जागा मिळाली नाही, हेही मी लोकांच्या बदललेल्या मनाचे लक्षण म्हणून पुढे केले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “दमलेल्या माणसाला शहाणा म्हणू नकोस. तुझा आजा दमला नव्हता, म्हणून तू मराठी लिहितोस.”

या वाक्यास माझ्यापाशी सहज उत्तर नव्हते; आजही पुरते नाही. एकाच बाजूचा वैताग हा सलोखा नसून शरणागती असते, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. बलवान पक्षाला दुर्बळाचा थकवा नेहमीच गोड वाटतो आणि तो त्यालाच शांतता म्हणतो. म्हणून मी माझे विधान सुधारून मांडतो. आशा आहे ती दोन्ही बाजूंच्या एकाच कारणाने आलेल्या वैतागात. खानापूरचा मराठी शेतकरी आणि जतचा कानडी शेतकरी यांना आपापल्या उताऱ्याचा वैताग आला आहे, हे ज्या दिवशी दोघांनाही कळेल, त्या दिवशी सीमावादाचा निम्मा दारूगोळा भिजून जाईल. ती गावे कोणाकडे जातील हे न्यायालय ठरवील. ठरेपर्यंत, आणि ठरल्यावरही, रेघेच्या दोन्ही अंगांना अल्पसंख्य उरणारच आहेत. त्यांच्यासाठी घटनेत १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ३५० (अ) व ३५० (आ) ही कलमे आली. पहिल्याने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय सांगितली, दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला. ज्या भागात अल्पसंख्य भाषक पंधरा-वीस टक्के असतील तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असा संकेत त्याच वर्षी केंद्राच्या निवेदनाने घालून दिला होता. रेघ इंचभरही न हलविता हे करता येते. बेळगावात मराठी उतारा आणि जतमध्ये कानडी उतारा, अशी जोडीने मागणी दोन्हीकडील शेतकऱ्यांनी एकत्र केली तर ती नाकारणे कोणत्याही सरकारला अवघड जाईल.

या नियतकालिकाचे वाचक बहुतेक माझ्यासारखेच परमुलखात नेमणुकीवर असलेले. आपण टेबलाच्या आतल्या बाजूस बसतो. वैतागलेला माणूस पुढाऱ्याकडे जाण्याआधी आपल्याकडे येतो आणि मोडक्या कानडीत, तमिळमध्ये किंवा हिंदीत काहीतरी विचारतो. त्याच्या वैतागाचे त्वेषात रूपांतर व्हावयाचे की समजुतीत, हे पुष्कळदा त्या दोन मिनिटांत ठरते. बंगळुरात नेमणूक झाल्यावर मी कानडी वाचावयास शिकलो. माझी मुलगी शाळेत माझ्याहून चांगली शिकते. गेल्या दिवाळीत ते बोलणे झाल्यानंतर तिने आजोबांचा नवा उतारा ओसरीवर बसून मोठ्याने वाचला, ओळीओळीने मराठीत सांगितला. वडिलांनी क्षेत्र तपासले, वारसांची नावे दोनदा ऐकली आणि कागद घडी करून ट्रंकेत ठेवला. मग त्यांनी तिला, शेजारच्या बांधावरील कानडी कुटुंबाच्या मुलाला मराठी वाचता येते का ते विचारून यावयास सांगितले. त्याच्या आजोळची जमीन जत तालुक्यात आहे.